एमएफएमचे तीन डोंगर: फ्लॉपीचा फ्लक्स वाचताना (आणि ओघाने आरएलएल, ईएफएम)

चुंबकसूची

जुनी फ्लॉपी साध्या ड्राइव्हमध्ये ‘सेक्टर सापडला नाही’ म्हणून अडून बसली, की पुढची पायरी म्हणजे ड्राइव्हला ग्रीझवीझलसारखं वाचक-बोर्ड लावून अख्खा ट्रॅक फ्लक्सच्या (चुंबकनाच्या) पातळीवर उचलणं. अशा वाचनात बाइट हाती येत नाहीत. येते ती वेळांची यादी: आधीच्या पालटानंतर हा पालट किती मायक्रोसेकंदांनी आला. ‘पालट’ म्हणजे चुंबकनाची दिशा उलटते ती जागा. डीडी (डबल डेन्सिटी) फ्लॉपीच्या एका फेरीत, म्हणजे २०० मिलिसेकंदांत, अशा तीस-चाळीस हजार नोंदी जमतात. त्यातून बिट काढायचे तर ते लिहिताना काय केलं होतं ते आधी कळायला हवं.

चकतीवर ० आणि १ अशा खुणा नसतात. पालट दिसला तर १, ठरलेल्या वेळात दिसला नाही तर ०, एवढंच. यालाच एनआरझेडआय म्हणतात. यात दोन अडचणी आहेत. सलग दोनशे शून्यं आली तर मधे काहीच दिसत नाही, आणि मोटर एक टक्का जरी हळू फिरली तरी दोनशेची दोनशे दोन मोजली जातात. उलट सलग एकं आली तर पालट इतके दाटतात की शेजारी शेजाऱ्याला खातो. म्हणून दोन मर्यादा घालतात. दोन एकांमध्ये किमान किती शून्यं हवीत ती मर्यादा ‘डी’, जास्तीत जास्त किती चालतील ती ‘के’. पुढची सगळी नावं म्हणजे या दोन आकड्यांच्या जोड्या आहेत.

एफएम, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन (०,१): प्रत्येक डेटा बिटाआधी एक घड्याळाचा पालट. १ चं ११, ० चं १०. वाचायला सोपं, पण अर्धी जागा घड्याळातच जाते.

एमएफएम, म्हणजे सुधारित एफएम (१,३): घड्याळाचा पालट फक्त दोन शून्यांच्या मध्ये टाकायचा. म्हणजे १ चं ०१. ० च्या आधी १ असेल तर ००, ० असेल तर १०. डीडी फ्लॉपीत एक डेटा बिट ४ मायक्रोसेकंदांचा, त्याचे अर्धे सेल (पालट येऊ शकतो असे वेळेचे कप्पे) २-२ चे. मग दोन पालटांमधलं अंतर ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंदच असू शकतं. यादीचा आलेख काढला, आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्यावर संख्या, की तीन डोंगर उभे राहतात. डोंगर सुटे आणि मधल्या दऱ्या कोरड्या असतील तर ट्रॅक निरोगी आहे.

रेडिओतल्या एफएमशी याचा संबंध फक्त नावापुरता. इथे वारंवारता डेटानुसार बदलते म्हणून ते नाव पडलं.

---

खडूफळा

उत्तम सुरुवात. फ्लॉपी कुठल्या यंत्राची हे लेबलावरून कळत नसेल तर डोंगरांच्या जागा सांगतात. मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या ड्राइव्हवर (आकडे मायक्रोसेकंदांत):

४ आणि ८ असे दोनच डोंगर: एफएम, सिंगल डेन्सिटी. (आठ इंची चकती ३६० फेऱ्यांची, तिथे हेच २ आणि ४ वर येतात.)
४, ६, ८: एमएफएम डीडी. ७२० केबीची पीसी फ्लॉपी, तशीच अमिगाचीही.
२, ३, ४: एमएफएम एचडी (हाय डेन्सिटी), १.४४ एमबी वाली.
४, ८, १२: ॲपल टू. हे जीसीआर, म्हणजे ठरावीक बिटगटाच्या जागी ठरावीक बिटसाखळी. सेल ४ चा, सलग दोनपर्यंत शून्यं चालतात.
तीन डोंगर १:२:३ प्रमाणात, पण ट्रॅकगणिक सरकणारे: कमोडोर १५४१. बाहेरच्या १७ ट्रॅकांवर सेल ३.२५ चा, मग ३.५०, ३.७५ आणि सगळ्यात आत ४.००. सेक्टरही २१, १९, १८, १७ असे उतरत जातात. ३५ ट्रॅक मिळून ६८३.

अमिगाबद्दल एक सावधगिरी. डोंगर पीसीसारखेच दिसतात आणि पीसीचा डिकोडर एकही सेक्टर दाखवत नाही. चकती मेलेली नसते. अमिगा एका ट्रॅकवर ११ सेक्टर सलग लिहितो, पीसीसारखी सेक्टरांमधली मोकळी जागा सोडत नाही, आणि प्रत्येक तुकड्यातले विषम बिट आधी, सम बिट नंतर ठेवतो. डिकोडर बदला, बाकी काही करावं लागत नाही.

---

मधलीसुट्टी

अंतरं ४, ६, ८ अशी ठरलेलीच आहेत तर सरळ ५ आणि ७ वर रेघ मारून वाटून टाकायचं ना? पीएलएल (वेगाशी जुळवून घेत राहणारं घड्याळ) वगैरे लावायची गरज काय?

---

चुंबकसूची

@मधलीसुट्टी, चांगल्या ट्रॅकवर तुमच्या दोन रेघा पुरतात. पण ८ चं अंतर ७ व्हायला साडेबारा टक्केच फरक लागतो. ड्राइव्हचा वेग, लिहिणाऱ्या ड्राइव्हचा वेग, चकती लायनरला (आवरणातल्या अस्तराला) घासून अडखळणं आणि शेजारी पालटाची ढकलाढकली, हे सगळं एकाच दिशेला साचलं की साडेबारा टक्के व्हायला वेळ लागत नाही. शिवाय यातला बराच फरक हळूहळू बदलणारा असतो, म्हणून तो पकडता येतो. पीएलएलचं काम तेवढंच. सॉफ्टवेअरमध्ये असं लिहा:

१. सेलची लांबी २.०० मायक्रोसेकंद धरून सुरुवात करा.
२. नवं अंतर आलं की सेलने भागा आणि जवळचा पूर्णांक घ्या. तो २, ३ किंवा ४ यायला हवा. २ आला तर ०१, ३ आला तर ००१, ४ आला तर ०००१ लिहा.
३. चूक = आलेलं अंतर वजा (पूर्णांक × सेल).
४. सेलची लांबी या चुकीच्या थोड्याशा भागाने सुधारा. ५ टक्क्यांपासून सुरुवात करावी.
५. जागेची चूक मात्र बरीच सुधारा, ६० टक्क्यांच्या आसपास. उरलेले ४० टक्के पुढच्या अंतरात मिळवा.
६. सेल मूळ लांबीच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका. नाहीतर एका ओरखड्यावर तो भरकटतो आणि पुढचा पूर्ण सेक्टर घेऊन बुडतो.

पाचवी पायरी बरेच जण गाळतात आणि मग ‘डोंगर छान आहेत तरी सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-आकडा) चुकतो’ म्हणून विचारत येतात. एक पालट उशिरा आला की त्याच्या मागचं अंतर मोठं आणि पुढचं तेवढंच लहान दिसतं. उरलेली चूक पुढे नेली नाही तर एका सरकलेल्या पालटाने दोन अंतरं बिघडतात.

पूर्णांक १ आला तर मधे नको तो पालट घुसला आहे, ५ किंवा जास्त आला तर एखादा पालट हरवला आहे. अशा जागा मोजून ट्रॅकवर कुठे येतात ते छापा. दर फेरीत त्याच कोनावर येत असतील तर चकतीचा दोष, फिरत्या जागी येत असतील तर हेडवर घाण.

---

रातकिडा

बिट मिळाले तरी काम अर्धंच झालं. एमएफएममध्ये (हेक्समधल्या, म्हणजे १६ च्या पायाच्या) ‘००’ बाइटांची रांग आणि ‘एफएफ’ बाइटांची रांग फ्लक्समध्ये अगदी एकसारखी दिसते, दर ४ मायक्रोसेकंदांनी एक पालट. एकीत ते घड्याळाचे पालट असतात, दुसरीत डेटाचे. मग कुठला अर्धा सेल घड्याळाचा आणि बाइट सुरू कुठे होतो हे ठरवायचं कसं? त्यासाठी नियम मुद्दाम मोडलेला बाइट वापरतात.

ए१ म्हणजे १०१००००१. नियमाने लिहिला तर ४४ए९ येतो. लिहिताना सहाव्या बिटाआधीचं घड्याळ गाळतात, मग होतो ४४८९:

०१ ०० ०१ ०० १० ०० १० ०१

यातले पालट मोजले तर अंतरं ८, ६, ८, ६. आता गंमत बघा. नियमाने लिहिलेल्या एमएफएममध्ये ८ चं अंतर फक्त १०१ या डेटामुळे येतं, म्हणजे ते डेटाच्या पालटावर सुरू होतं आणि डेटाच्याच पालटावर संपतं. तिथून ६ चं अंतर म्हणजे १००, ते घड्याळाच्या पालटावर संपतं. घड्याळाच्या पालटावरून पुढे ४ किंवा ६ च शक्य, ८ नाही. म्हणजे ८-६-८ ही चाल डेटात कधीच येऊ शकत नाही, तुम्ही कुठल्याही अर्ध्या सेलपासून मोजा. म्हणून ४४८९ दिसला की डोळे मिटून बाइटची सीमा तिथे ठोकायची.

पीसीच्या फ्लॉपीत सेक्टर असा असतो: १२ बाइट ०० (पीएलएल स्थिरावायला), तीन ए१, एफई, मग सिलिंडर, हेड, सेक्टर आणि आकार असे चार बाइट, सीआरसीचे दोन. नंतर २२ बाइट ४ई ची मोकळी जागा, पुन्हा १२ बाइट ००, तीन ए१, एफबी, ५१२ बाइट डेटा, सीआरसीचे दोन, आणि पुढच्या सेक्टरआधी परत ४ई.

सीआरसीत लोक हमखास फसतात ते सुरुवातीत. बहुपदी १०२१, सुरुवातीची किंमत एफएफएफएफ, आणि तीन ए१ सुद्धा मोजायचे. तीन ए१ नंतर किंमत सीडीबी४ आली नाही तर पुढे जाऊच नका, चूक तुमच्या कोडमध्ये आहे. शेवटचे दोन सीआरसी बाइटही घातले की उत्तर शून्य यायला हवं.

१.४४ चा हिशेब करून बघण्यासारखा आहे. ५०० किलोबिट वेग, २०० मिलिसेकंद, म्हणजे ट्रॅकवर १२,५०० बाइट. एका सेक्टरला ५७४ आणि त्यानंतरची मोकळी जागा १०८, मिळून ६८२. अठरा सेक्टरांचे १२,२७६. ट्रॅकच्या सुरुवातीचा ऐवज १४६. एकूण १२,४२२, उरले ७८. शेवटच्या सेक्टरनंतरचे १०८ धरले तर १८६ बाइट, म्हणजे दीड टक्का. ड्राइव्हच्या वेगाला दीड टक्क्याची सूट असते ती इथे बसते. मोटर त्याहून जलद फिरत असेल तर फॉरमॅट करताना सगळे सेक्टर ट्रॅकवर नीट मावत नाहीत.

---

टाचणी

वाचनखूण साठवली आहे. ८-६-८ चा युक्तिवाद फार आवडला.

एक शंका. बाहेरचे ट्रॅक स्वच्छ येतात आणि साठाच्या पुढे डोंगर एकमेकांकडे झुकायला लागतात, असं पुष्कळ चकत्यांत दिसतं. ४ वाला उजवीकडे, ८ वाला डावीकडे. पीएलएल कितीही फिरवला तरी हे जात नाही. वेगाचा दोष असता तर सगळे एकाच बाजूला सरकले असते ना?

---

खडूफळा

बरोबर, हा वेगाचा दोष नाही. याला शिखर सरकणं म्हणतात. हेडमध्ये पालटाचा स्पंद टोकदार नसतो, घंटेच्या आकाराचा पसरट असतो. दोन विरुद्ध स्पंद जवळ आले की त्यांची शेपटं एकमेकांतून वजा होतात आणि दोघांची शिखरं एकमेकांपासून दूर सरकतात. म्हणून जवळचे पालट आणखी लांब भासतात (४ चे ४.२, ४.३) आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूचं मोठं अंतर तेवढंच आखूड होतं. आतल्या ट्रॅकवर परीघ कमी, बिट तेवढेच. दाटी जास्त, म्हणून तिथे जास्त दिसतं.

सगळ्यात वाईट डेटा म्हणजे ११०११०११०... त्याचे पालट ४, ८, ४, ८ असे येतात, प्रत्येक पालटाला एका बाजूला गर्दी आणि दुसऱ्या बाजूला मोकळं रान. ड्राइव्ह तपासायला ६डीबी६ हा नमुना वापरतात तो याच कारणाने.

इलाज लिहितानाच करतात. जे पालट सरकणार आहेत ते आधीच उलट दिशेला, म्हणजे जवळच्या शेजाऱ्याकडे, थोडे ढकलून लिहायचे. पीसीच्या कंट्रोलरमध्ये नेहमीचा आकडा १२५ नॅनोसेकंद. ही भरपाई न करता लिहिलेली चकती असेल तर वाचताना करा: पीएलएलला अंतर देण्याआधी त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे बघा. हे अंतर लहान आणि शेजारचं मोठं असेल तर मधला पालट लहान अंतराच्या दिशेने ८० ते १५० नॅनोसेकंद सरकवा. आकडा ट्रॅकनुसार वाढवत न्या. टाचणीताई/दादांनी सांगितलेला झुकाव यानेच सरळ होतो.

जुन्या मॅकिंटॉशने ही दाटी मोटरचा वेग बदलून टाळली होती: १६-१६ ट्रॅकांचे पाच पट्टे, बाहेर १२ सेक्टर, आत ८. एका बाजूचे ४०० केबी. म्हणूनच त्या चकत्या पीसीच्या ड्राइव्हमध्ये साध्या मार्गाने वाचता येत नाहीत.

---

जुनाबाजार

फ्लॉपी झाली, हार्ड डिस्कचंही येऊ द्या. एसटी-२२५ वीस एमबीची, तिला एमएफएमऐवजी आरएलएल कंट्रोलर लावला की तीस एमबी. दीडपट जागा, तीही फुकट. लोक तेव्हा हे सर्रास करायचे.

---

रातकिडा

@जुनाबाजार, फुकट काही नव्हतं. आधी एक दुरुस्ती: एमएफएम विरुद्ध आरएलएल ही भाषाच जरा चुकीची आहे, आरएलएल म्हणजे शून्यांच्या रांगेला मर्यादा घातलेला कुठलाही कोड, त्यामुळे एमएफएमसुद्धा (१,३) ची आरएलएलच. बाजारात ‘आरएलएल’ म्हणत ते (२,७) ला. आयबीएमने १९७९ च्या ३३७० डिस्कमध्ये ती आणली. एक प्रचलित तक्ता देतो:

१० → ०१००
११ → १०००
००० → ०००१००
०१० → १००१००
०११ → ००१०००
००१० → ००१००१००
००११ → ००००१०००

प्रत्येक शब्दाच्या शेवटी किमान दोन शून्यं, म्हणून पुढचा शब्द १ ने सुरू झाला तरी डी=२ राहतो. शेवटी जास्तीत जास्त तीन आणि सुरुवातीला जास्तीत जास्त चार, म्हणून के=७. तक्त्याच्या कुठल्याही बाजूचा एकही तुकडा त्याच बाजूच्या दुसऱ्याची सुरुवात नाही, त्यामुळे लिहिताना-वाचताना घोळ होत नाही. एखादा बिट चुकलाच तर चूक चार डेटा बिटांच्या आत मरते.

दोन्हींत एका डेटा बिटाला दोनच सेल. मग फायदा कुठे? पालटांमधलं किमान अंतर एमएफएममध्ये दोन सेल, इथे तीन. म्हणजे पालटांची दाटी तेवढीच ठेवून बिट दीडपट बसतात: वेग ५ चा ७.५ मेगाबिट, ट्रॅकवर १७ ऐवजी २६ सेक्टर. ६१५ सिलिंडर × ४ हेड × १७ × ५१२ म्हणजे २,१४,११,८४० बाइट. २६ ने केलं की ३,२७,४७,५२०.

किंमत मोजावी लागते ती खिडकीत. पालट ज्या सेलमध्ये पडायला हवा त्या सेलची रुंदी एमएफएममध्ये १०० नॅनोसेकंद. साडेसात मेगाबिटला ती ६७ उरते. पालट थरथरतो तेवढाच, पण पडायची जागा दोन तृतीयांश. भर म्हणून सलग सात शून्यं, म्हणजे पीएलएलला आठ सेल काही न दिसता अंदाजाने चालायचं. त्यात या डिस्कमध्ये हेड हलवायला स्टेपर मोटर. थंड असताना फॉरमॅट केली आणि तासाभराने तापली की हेड ट्रॅकच्या मध्यावरून सरकतं, संकेत उतरतो, थरथर वाढते. १०० मध्ये जे खपलं ते ६७ मध्ये खपत नाही. म्हणून आरएलएलसाठी एसटी-२३८आर ही वेगळ्या नावाने विकली जाई. तोच ६१५ × ४ चा साचा.

जुन्या डिस्कवरून डेटा काढायचा असेल तर दोन गोष्टी. एक, आरएलएल कंट्रोलरला एमएफएमची डिस्क रिकामी दिसते, आणि एमएफएममध्येही एका बनावटीच्या कंट्रोलरचं लेखन दुसऱ्याला वाचता येईलच असं नाही, कारण सेक्टरचं डोकं प्रत्येकाने आपापलं बसवलं होतं. दोन, ‘डीबग’मधून जी=सी८००:५ देऊन लो-लेव्हल फॉरमॅट करायचा सल्ला जुन्या पुस्तिकांत हटकून सापडतो. डेटा हवा असेल तर त्या ओळीपासून चार हात लांब राहा.

---

गणमात्रा

या सगळ्याचं गणित आपल्याकडे वृत्तं शिकलेल्याला अर्धं येतंच.

डी=१ आणि के ला मर्यादा नाही असं धरा. दोन एकं शेजारी नकोत. मग प्रत्येक साखळी ‘०’ आणि ‘१०’ या दोन विटांनी रचता येते. ० एका मात्रेचा लघू, १० दोन मात्रांचा गुरू. ‘न’ मात्रांची चरणं किती? १, २, ३, ५, ८, १३... हेमचंद्राने १२ व्या शतकात छंदशास्त्रात दिलेली हीच मोजणी, जिला बाकी जग फिबोनाची म्हणतं. दर मात्रेला ती १.६१८ पटीने वाढते. त्याचा २ च्या पायाचा लॉग ०.६९४२. एका सेलमध्ये याहून जास्त माहिती मावणार नाही, कितीही हुशारी केली तरी. शॅननने १९४८ मध्ये हे मांडलं.

एमएफएमला विटा तीन: २, ३ आणि ४ मात्रांच्या. वरचे ४-६-८ ते हेच. समीकरण क्ष⁴ = क्ष² + क्ष + १, उत्तर १.४६५६, लॉग ०.५५१५. एमएफएम वापरतं ०.५, म्हणजे मर्यादेच्या ९१ टक्के. (२,७) ची मर्यादा ०.५१७४, वापर ०.५, जवळपास ९७ टक्के. (१,७) ची ०.६७९३ आणि वापर दोन तृतीयांश, ९८ टक्के.

या (१,७) मध्ये दोन डेटा बिटांचे तीनच सेल होतात. किमान अंतर १.३३ बिट, (२,७) च्या १.५ पेक्षा कमी. पण खिडकी अर्ध्या बिटाऐवजी ०.६७ बिट. वर रातकिड्याने खिडकीचं जे रडगाणं सांगितलं त्यावरचा हा उतारा, आणि पुढच्या हार्ड डिस्कनी तो घेतला. १९९० नंतर पीआरएमएल आलं, शेजारच्या स्पंदांची भेसळ टाळण्याऐवजी ती मोजूनच बिट ओळखायला लागले, आणि डी ची गरजच संपली. मग कोड ८ चे ९, १६ चे १७ असे बारीक झाले.

---

मधलीसुट्टी

मग सीडीने ८ चे १४ का केले? तिथे तर उधळपट्टीच दिसते.

---

चकचकीत

१४ नाही, १७. आणि उधळपट्टी विचारपूर्वक केलेली आहे.

ईएफएम (आठाचे चौदा करणारा हा कोड) फिलिप्सच्या केस इमिंक यांनी बसवलं. मर्यादा (२,१०). १४ बिटांच्या १६,३८४ शब्दांपैकी ही मर्यादा पाळणारे २६७ निघतात. हवे २५६, म्हणून १४. तेरात तेवढे मिळत नाहीत. पण दोन शब्द एकमेकांना चिकटवले की सांध्यावर नियम मोडू शकतो, म्हणून मधे तीन जोडबिट: ०००, १००, ०१०, ००१ यांपैकी एक. सांधा जुळवायला दोनच पुरले असते. तिसरा बिट वेगळ्या कामाचा आहे, ते खाली.

फ्रेमचा हिशेब: २४ बिट सिंक + ३ जोडबिट + ३३ बाइट × १७ = ५८८. त्या ३३ मध्ये १ सबकोड, २४ आवाजाचे, ८ चूकदुरुस्तीचे. सेकंदाला ७,३५० फ्रेम, म्हणजे ४३,२१,८०० सेल. एक सेल (‘टी’) २३१.४ नॅनोसेकंद. खळगे आणि सपाट भाग ३टी ते ११टी लांबीचे. १.२ मीटर प्रतिसेकंद वेगाला ३टी म्हणजे ०.८३ मायक्रोमीटर, ११टी सुमारे ३.०५. आणि खळगा म्हणजे १, सपाट म्हणजे ०, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं ते चूक. कड म्हणजे १. फ्लॉपीतल्या पालटासारखंच.

आता तिसरा जोडबिट. प्रत्येक खळग्याच्या सेलला −१, सपाट सेलला +१ धरून बेरीज चालू ठेवायची (डीएसव्ही). ती शून्याच्या आसपास राहिली तर संकेतात खालच्या वारंवारता उरत नाहीत. सीडीत हे जिवावरचं काम आहे, कारण फोकस आणि ट्रॅकिंगचे सर्वो (लेन्स जागेवर ठेवणाऱ्या यंत्रणा) त्याच किरणावर, २० किलोहर्ट्झच्या खालच्या भागात चालतात. डेटाच तिथे लुडबुड करू लागला तर लेन्स डेटाच्या तालावर नाचेल. शिवाय १ आणि ० मधली रेघ कुठे मारायची तेही सरासरीवरूनच ठरतं. जे जोडबिट नियमात बसतात त्यांतला बेरीज शून्याकडे नेणारा निवडायचा.

काही बाइटांच्या रांगा अशा असतात की कुठलाही जोडबिट घेतला तरी बेरीज एकाच बाजूला पळते. सीडी-रॉममध्ये म्हणून सेक्टरचे १२ सिंक बाइट सोडून उरलेले २,३४० बाइट आधी विस्कटतात: १५ बिटांचं शिफ्ट रजिस्टर, बहुपदी क्ष¹⁵ + क्ष + १, सुरुवात १ पासून. आता कोणी मुद्दाम असा डेटा रचला की विस्कटल्यावर नेमकी तीच वाईट रांग तयार होईल, तर? नकलेला अडवणाऱ्या काही संरक्षणांनी हेच केलं. छापील चकतीवर तो सेक्टर नीट वाचता येई, घरगुती रायटर जोडबिट निवडताना फार पुढचं बघत नसे, नक्कल केलेला सेक्टर वाचताच येत नसे.

प्लेअर दुरुस्त करणाऱ्यांसाठी: आरएफ (चकतीवरून येणाऱ्या कच्च्या संकेताच्या) चाचणीबिंदूवर ऑसिलोस्कोपचा १०:१ प्रोब, एसी जोडणी, ०.५ मायक्रोसेकंद प्रति भाग. ओळीने हिऱ्याचे आकार दिसायला हवेत. सगळ्यात आतला, कमी उंचीचा ३टी, ६९४ नॅनोसेकंदांवर छेदतो. हिरे धुरकट आणि उंची बरी असेल तर आधी लेन्स पुसा आणि फोकसचा ऑफसेट बघा. उंचीच अर्धी असेल तर लेझरकडे संशय. ११टी ठणठणीत आणि फक्त ३टी खुजा असेल तर किरणाचा ठिपका मोठा झालाय: लेन्सवर ओल, बुरशी किंवा चकती तिरकी.

डीव्हीडीने जोडबिट काढून चार अवस्थांचा ८ ला १६ असा कोड घेतला, मर्यादा तीच (२,१०). सतराचे सोळा, सहा टक्के जागा वाचली. ब्लू-रे परत (१,७) वर गेलं, २टी सुमारे ०.१४९ मायक्रोमीटर. तिथे २टी सलग सहापेक्षा जास्त वेळा येऊ देत नाहीत, कारण एवढ्या बारीक खुणांची रांग लागली की संकेत सपाट होतो.

---

टाचणी

परत फ्लॉपीवर येते. ३६० केबीची सव्वापाच इंची चकती १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये घातली की डोंगर ३.३, ५ आणि ६.७ वर दिसतात. खडूफळा यांच्या यादीत हे बसत नाही.

---

चुंबकसूची

बसतं. १.२ वाला ड्राइव्ह ३६० फेऱ्यांचा. ४, ६, ८ ला ३०० ने गुणून ३६० ने भागा: ३.३३, ५, ६.६७. डिकोडरला डेटाचा वेग ३०० किलोबिट सांगा, काम झालं.

यात तीन खाचखळगे आहेत. ड्राइव्ह ८० ट्रॅकचा, चकती ४० ची, म्हणून एकाआड एक ट्रॅकवर हेड न्यायचं, नाहीतर प्रत्येक ट्रॅक दोनदा किंवा अर्धामुर्धा येतो. दुसरं, ८० ट्रॅकचं हेड सुमारे अर्ध्या रुंदीचं असतं. चकतीवर मागाहून अशा ड्राइव्हने काही लिहिलं असेल तर नव्या बारीक पट्टीच्या कडेला जुनी पट्टी शिल्लक राहते. ४० ट्रॅकच्या रुंद हेडला दोन्ही एकदम ऐकू येतात, त्याच चकतीवर अरुंद हेड मात्र नवी पट्टी स्वच्छ वाचतं. डोंगरांच्या मधे सगळीकडे सारखा गाळ दिसला तर आधी हेच तपासा. तिसरं, डीडीचा थर साधारण ३०० ओर्स्टेडचा (चुंबकन पालटायला लागणाऱ्या जोराचं माप) आणि एचडीचा ६०० च्या आसपास, म्हणून सव्वापाच इंचीत एकाच्या जागी दुसरा वापरून लिहिलेलं टिकत नाही.

आणि बोर्डाआधी चकती बघा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ठेवलेल्या चकत्यांवर पांढरे ठिपके दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, बुरशी हेडवर चढते आणि पुढची चकतीही खरवडते. हाताने हळू फिरवत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. तपकिरी थर बोळ्यावर यायला लागला तर तिथेच थांबा, बाइंडर सुटलाय. अशी चकती एकदाच फिरणार असं धरून पहिल्याच वाचनात पाच फेऱ्या उचला. कुठली फेरी बरोबर हे सेक्टरागणिक सीआरसीवर ठरवा, अख्ख्या ट्रॅकवर नको. सेक्टर ३ दुसऱ्या फेरीतून आणि ७ चौथ्या फेरीतून घेतला तरी चालतं.

---

रातकिडा

एक पुस्ती. ट्रॅकच्या सुरुवातीला तीन सी२ असतात, त्यांतही एक घड्याळ गाळून ५२२४ लिहितात. त्याच्यावर बाइटची सीमा ठोकू नका. त्याची चाल ४-६-८-६, आणि ती डेटात येऊ शकते: १४ (हेक्स) या बाइटनंतर १ बिट आला की अर्धा सेल सरकून हुबेहूब ५२२४ तयार होतो. डिकोडर तिथे फेज बदलतो आणि तो सेक्टर दर फेरीत, दर ड्राइव्हमध्ये, त्याच जागी सीआरसी चुकवतो. चकती ठीक असते. सिंकच्या यादीतून ५२२४ काढा आणि परत चालवा.